टीव्हीमागचे मामा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. अख्ख्या नाशकात मी नेमानं खोटं बोललो ते एकाच माणसाशी, आणि तो माणूस म्हणजे बायकोचे सख्खे मामा. त्यांच्याइतका सरळ माणूस गोदेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही.

मामांकडे, बोटीवर नोकरीला असलेल्या त्यांच्या भावानं फार पूर्वी जपानहून आणलेला व्हिडिओ गेम आहे. खेळायला नव्हे, खेळणं त्यांना पोरकट वाटतं. मामा तो फक्त जोडतात. नात्यात कुणाकडे नवा टीव्ही आला की मामा कापडी पिशवी घेऊन हजर. तिच्यात जुन्या शालीत गुंडाळलेला गेम, वायरींचं भेंडोळं, आणि आपली वीज त्या जपानी यंत्राला सोसत नाही म्हणून व्होल्टेज उतरवणारा, वरवंट्याच्या वजनाचा ट्रान्सफॉर्मर. पंचवटीतल्या भाच्याच्या वास्तुशांतीला गुरुजी संकल्पासाठी खोळंबले होते आणि यजमान टीव्हीमागे मामांसाठी टॉर्च धरून उभे! "सत्यनारायण कुठं पळून जातोय? एवढी पिन बसू दे," मामा मागून म्हणाले. शेवटी गुरुजीच सोवळं सावरत बघायला आले.

आमच्याकडे मात्र, नवा टीव्ही असो-नसो, ते दर रविवारी येत. पद्धत ठरलेली. मामा टीव्हीमागे मांडी घालणार, चूल फुंकावी तशी कॅसेटवर फुंकर मारणार, पिवळी पिन खोचणार आणि ओरडणार, "जावईबापू, आलं का?" समोर बसून चित्र आलं की नाही ते सांगायचं, एवढंच माझं काम.

आणि चित्र पहिल्या झटक्यात यायचं. स्वच्छ, रंगीत; एक चिमुकलं विमान ढगांतून उडायला लागायचं. आवाज मी रिमोटनं आधीच बंद केलेला असे. मी म्हणायचो, "नाही मामा. नुसत्या मुंग्या."

कारण चित्र आलं की मामा पुढे येत, क्षणभर बघत, "झालं" म्हणत, सगळं शालीत गुंडाळत आणि अर्धा कप चहा घेऊन इंदिरानगरच्या रिकाम्या घरी जात. समोरासमोर आम्ही दोघंही मुके. पण हातात वायर आणि मध्ये टीव्ही असला की मामांना कंठ फुटायचा. लासलगावला कांद्याच्या अडतीवर ते दिवाणजी होते, तिथले किस्से निघायचे. आणि मामी निघायची. "जुन्या टीव्हीवर चित्र सारखं वरखाली पळायचं, तर म्हणायची, तुमच्यासारखंच आहे मेलं, जेवायच्या वेळी एका जागी बसेल तर शपथ!" मामा हसायचे, टीव्ही हलायचा. मामी गेल्यापासून तिचं नाव त्यांनी दुसरीकडे कुठं काढलेलं मी ऐकलं नाही. मग किस्से संपेपर्यंत मी कसं म्हणणार, आलं?

गेल्या रविवारी मामी फारच रंगात आली होती. मी "नाही, मामा" म्हणतच राहिलो. एकदम मागचं बोलणं थांबलं. मामा गुडघ्यांवर हात टेकून उठताना दिसले आणि मी घाईघाईनं टीव्हीच बंद केला. ते पुढे आले, आपल्या बोटांकडे बघत म्हणाले, "हातात राम नाही राहिला, जावईबापू. साधी पिन बसेना. ठेवा हे तुमच्याकडेच." पिशवी न घेता ते जिना उतरले.

आज मी तो गेम एकट्यानं जोडला. विमान लगेच उडालं. टीव्हीमागून कुणी काही विचारलं नाही.

मामांच्या बोटांना काहीही झालेलं नाही. पिशवी घेऊन इंदिरानगरला जाणं आणि त्यांच्या समोर बसून हे सांगणं, एवढं मी त्यांचं अजून देणं लागतो.