दोन कप्प्यांची पिशवी

माझी थाळीची पिशवी मी स्वतःच्या हातानं बनवली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तिच्याबद्दल नाही नाही ते बोललं गेलं.

थाळी म्हणजे जेवायची नव्हे, मैदानावर गरकन फिरून फेकायची. लाकडाची, कडेला बैलगाडीच्या चाकाला असते तशी लोखंडी धाव, मधोमध पितळेची चकती, वजन दोन किलो. साठ सालानंतर आमच्या तालुक्याच्या गावी नवं कॉलेज निघालं, त्यात मी नाव घातलं. तेव्हा आमचा जिल्हा धुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीपुढे गेलेलं नव्हतं. कॉलेजकडे थाळी एकच होती. खेळाच्या सरांनी माझे खांदे बघितले, एक फेक बघितली आणि म्हणाले, "ही घरी ने. रोज सराव कर. हरवलीस तर तुझ्यासकट मलाही घरी बसवतील."

कॉलेजात थाळी फेकणारा आणखी एक होता, कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याची थाळी स्वतःची, सुरतेहून आणलेली, आणि ती ठेवायला चेनची रेक्झिन बॅग. मी थाळी पंचात गुंडाळून सायकलच्या हँडलला अडकवायचो. सहा मैलांचा खड्ड्यांचा रस्ता. थाळी गुडघ्यावर आपटायची आणि धावेनं पंचा फाटायचा. आईनं तिसऱ्या पंचाला नकार दिला, तेव्हा मी पिशवी करायची ठरवली.

वडील तापीकाठच्या एका मळ्यात सालदार होते, वर्षाच्या बोलीवरचे गडी. मालकांनी त्या वर्षी विहिरीवर ऑइल इंजिन बसवलं आणि चामड्याची मोट गोठ्यात जाऊन पडली. मी वडिलांना म्हटलं, त्यातला एक तुकडा मागा. ते आठ दिवस टाळत राहिले. मागायला गेलं की मालक विचारणार, कशाला? आणि नुसतं 'कशाला' म्हटलं तरी वडिलांना आपल्यावर आळ आल्यासारखं व्हायचं. शेवटी त्यांनी तुकडा मागून आणला, तो डोक्यावर उघडा धरून, भर गावातून, सगळ्यांना दिसेल असा.

वडिलांची एक सवय इथं सांगितली पाहिजे. संध्याकाळी मळ्यातून निघताना ते मालकांच्या ओट्यासमोर थांबायचे, खांद्यावरचं उपरणं काढायचे आणि दोन वेळा झटकायचे. मग कोपरीचा खिसा उलटा करायचे. शेंग नाही, कापसाचं बोंड नाही, काही नाही. मालकांनी कधी 'दाखव' म्हटल्याचं मला आठवत नाही. बऱ्याचदा ते ओट्यावर नसायचेसुद्धा. वडील रिकाम्या ओट्यासमोर उपरणं झटकायचे. मी लहानपणी हे बघितलं आणि मनाशी पक्कं केलं, आपण कुणाला कधी काही झटकून दाखवायचं नाही.

तर पिशवी. साखरेचं पोतं उसवून दुहेरी केलं. मोटेचं चामडं वाळून लाकडासारखं झालं होतं, त्याला एरंडेल चोळत बसलो, तेव्हा कुठं वळलं. ते तळाला, दाभणानं आणि सुतळीनं. खांद्यावर घ्यायला बैलाच्या गळ्यातल्या घाटीचा, म्हणजे घंटेचा, जुना पट्टा, पितळी बक्कल होतंच त्याला. तो खांद्याला काचायचा म्हणून आतून सायकलची फुटकी ट्यूब शिवली. बाहेर एक छोटा खिसा, त्यात फडकं आणि राखेची पुरचुंडी. घामानं थाळी हातातून निसटते, त्याला चुलीची चाळलेली राख फार उत्तम. पैसा एकही लागला नाही. ती पिशवी बघून मला जेवढं बरं वाटलं तेवढं नंतर पदवीचा कागद बघूनही वाटलं नाही.

आणि मधोमध मी एक आडपडदा घातला. घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून, कडा ठोकून, त्यावर फडकं चढवून. एका बाजूला थाळी. दुसऱ्या बाजूला भाकरी.

या भाकरीचं असं होतं की तिचं मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात पोरांनी विचारलं, जेवतोस कुठं? मी म्हटलं, खानावळीत. का म्हटलं ते विचारू नका. सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे होते. एकदा म्हटलं ते म्हटलं. मग रोज दुपारी 'खानावळीत जातो' म्हणून निघायचं आणि कापसाच्या जिनिंगच्या भिंतीमागं लिंबाखाली बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा खायचा. जेवताना दोन्हीकडे नजर. कुणी लिंबाकडे फिरकलं की मला वाटायचं, पाठलाग करत आलाय. आईच्या भाकरी थाळीएवढ्याच, गोल, जाड. पिशवी सायकलला लटकली की दोन्ही बाजूंनी सारखीच फुगायची, आणि घोटाळा इथंच झाला.

रस्त्यात जकात नाका होता. नाक्यावरचा कारकून प्रत्येक गाठोडं दाबून बघायचा. मी नाका दिसला की उतरायचो, थाळी काढून हातात धरायचो, सरांची चिठ्ठी पुढं करायचो. म्हणजे पिशवीला हात लागायचं कारणच उरायचं नाही.

"पितळेची आहे?"

"मधे थोडी. फेकायची आहे."

"एवढं चांगलं पितळ फेकायचं?" असं म्हणून तो माझ्याकडे रोज नव्यानं बघायचा.

दुसऱ्या वर्षी धुळ्याला जाणाऱ्या संघाची निवड होती. थाळीफेकीला जागा एकच. मी आणि तो व्यापाऱ्याचा मुलगा. सरावात माझी फेक त्याच्यापुढं पडायला लागली, तसं माझ्या पिशवीवर बोलणं सुरू झालं. आधी राखेवर. "मोलगीना भगतनी राख शे ती," तो पोरांना सांगायचा, "तिन्हावर थायी उडस." पहाडातल्या मांत्रिकाची राख म्हणे. हसून सोडून दिलं. मग एके दिवशी मला हँडलवरनं पिशवी उतरवताना बघून म्हणाला, "काय भाऊ, आज कोनती थायी? दखाडानी का फेकानी?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. पोरांचं म्हणणं असं ठरलं होतं की माझ्याकडे दोन थाळ्या आहेत. एक खरी, दाखवायची. दुसरी आतून पोखरलेली, हलकी, फेकायची. म्हणून तर मी पिशवीला कुणाला हात लावू देत नाही. माझंही वागणं असं होतं की त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. मी पिशवी वर्गात पायात धरून बसायचो. पाणी प्यायला जातानाही खांद्यावर. दोन पोरं बोलताना गप्प झाली की मी पिशवीची गाठ तपासायचो.

निवडीच्या दिवशी माझी पहिलीच फेक चांगली गेली. चुन्याच्या शेवटच्या रेघेच्या बरीच पुढं. व्यापाऱ्याच्या मुलाची चार हात मागं. सर आकडा लिहायला वाकले आणि तो म्हणाला, "सर, थाळी तोला."

पोरं गोळा झाली. शिपाई बाजारातनं तराजू आणायला गेला. तराजूबरोबर दुकानदारही आला, कारण त्याला वाटलं की कॉलेजात त्याच्या वजनांची तपासणी आहे. किलोची मापं नवी होती, तपासनीस फिरत असायचे. "मारो कांटो बराबर छे, साहेब," तो येतानाच सांगत आला, "थाळी तुम्ही बघा."

एका पारड्यात दोन किलोचं वजन, एकात थाळी. थाळीचं पारडं खाली गेलं. ओल शोषून लाकूड उलट जडच झालं होतं.

मी व्यापाऱ्याच्या मुलाकडे बघितलं. तो जरासुद्धा खजील झाला नाही. "हाई दखाडानी शे," तो म्हणाला. "उचलून आणताना बदलली. हलकी पिशवीत आहे. कप्पे दोन आहेत, सर. हात लावून बघा."

पिशवी माझ्या खांद्यावर होती. दुसरा कप्पा फुगलेला. सकाळपासून मी काही खाल्लेलं नव्हतं.

"उघड बाबा," सर म्हणाले. रागावून नाही, कंटाळून. "उघड म्हणजे मिटलं."

मिटलं असतं. दोन भाकरी, फडक्यात ठेचा. पोरं हसली असती, खानावळीचं खोटं बाहेर पडलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत विसरलीही असती. हे सगळं आज कळतं. तेव्हा मला फक्त एकच दिसत होतं, रिकामा ओटा आणि त्यासमोर झटकलं जाणारं उपरणं.

"नाही उघडणार," मी म्हटलं.

"मग नाव घालता येणार नाही."

"थाळी पारड्यात आहे ना सर? तिथनं तुम्ही उचला. माझ्या हातात द्या. मी परत फेकतो. पिशवी तुमच्या टेबलावर राहू द्या, बांधलेली."

"हाई काय नवीन?" व्यापाऱ्याचा मुलगा म्हणाला. "पिशवी उघडाना तं..."

"आणि पिशव्या उघडायच्याच असतील तर सगळ्यांच्या उघडा," मी म्हटलं. "पहिली रेक्झिनची."

त्यानं बॅग पायामागं सरकवली. त्याच्या बॅगेत काय होतं देव जाणे. विड्या असतील. मला आजही तो संशय आहे.

सरांनी पिशवी टेबलावर घेतली आणि तिच्यावर पंजा ठेवून बसले. पंजा दुसऱ्या कप्प्यावर पडला. त्यांनी बोटं जरा दाबली. मग मान खाली घालून थोडं पुढं झुकले. ठेच्यात लसूण आई सढळ हातानं घालायची. सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि थाळी पारड्यातनं उचलून माझ्या हातात दिली.

राख लावायची राहिली, कारण राख पिशवीत. पँटीला हात पुसले. गरका घेतला आणि सोडली. पहिल्या फेकीपेक्षा दोन हात मागं पडली. त्याच्यापेक्षा दोन हात पुढं.

"नाव लिहिलं," सर म्हणाले.

पण ते दोन हात पोरांनी सोडले नाहीत. तोललेल्या थाळीनं फेक कमी का भरली? आहे ना मग दुसरी? कॉलेज सुटेपर्यंत माझ्याकडे बघून कुणी ना कुणी बोटांनी दोन दाखवायचं. मी कॉलेजात कुणाला काही सांगितलं नाही. आज इतक्या वर्षांनी इथंच पहिल्यांदा लिहितोय.

त्या दिवशी जिनिंगमागं गेलो नाही. भूकच नव्हती. घरी पोचलो, तर आईनं सवयीनं पिशवी चाचपली.

"दोन्ही भाकरी माघारी? कोठे जेवना तू?"

"कुठंच नाही."

"खानावळीमा जेवना का? पैसा कोनी दिन्हा?"

म्हणजे घरीही तोच संशय. मग सगळं सांगावं लागलं. वडील नुकतेच मळ्यातून आले होते, पाय धूत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तांब्या खाली ठेवला.

"उघडीसन दखाडी देता तं काय व्हतं?" ते म्हणाले. "नाव गयं असतं ना."

"नाही दाखवायची म्हणून नाही दाखवली."

त्यांनी पिशवीकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "त्यामा भाकरच व्हती ना, भाऊ?"

मला वाटतं, दिवसभरात मला लागलेलं एवढं एकच वाक्य. व्यापाऱ्याच्या पोराचं काही लागलं नव्हतं. मी उठलो, गाठ सोडली, पिशवी वडिलांसमोर उलटी केली आणि झटकली. दोन वेळा. थाळी धप्पकन मातीत पडली. फडकं पडलं. पुरचुंडी फुटून राख त्यांच्या ओल्या पायांवर उडाली. भाकरी घरंगळत चुलीपर्यंत गेल्या. मग बाहेरचा खिसा उलटा केला.

वडील उठून उभे राहिले. चेहरा असा झाला होता की मला तिकडे बघवेना.

"मी तुले कव्हय म्हनं, झाडीसन दखाड?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "कव्हय म्हनं?"

आईनं भाकरी उचलल्या, झटकल्या, एक त्यांच्या हातात दिली, एक माझ्या. कडक झाल्या होत्या. आम्ही समोरासमोर बसून पाण्याशी खाल्ल्या. खाऊन झाल्यावर वडिलांनी थाळी उपरण्यानं पुसली आणि कप्प्यात घातली. आईकडून मूठभर राख घेऊन नवी पुरचुंडी बांधली. पिशवीचं तोंड आवळलं आणि बैलाच्या दाव्याला मारतात तशी गाठ मारली, ओढून, पाय लावून.

"आशी बांधत जाय," ते म्हणाले. "कोनलेबी सुटाव नही."

उपरणं झटकणं त्यांनी काही सोडलं नाही. साल संपेपर्यंत आणि नंतरच्या सालातही. तसं खोटं मी लिहिणार नाही.

धुळ्याची स्पर्धा निवडीनंतर तिसऱ्या दिवशी होती. मधला दिवस सरांनी विश्रांतीचा सांगितला होता, म्हणून पिशवी तशीच बांधलेली धुळ्याला गेली. वाटेत आणि तिथंही ती कुणी उघडायला सांगितली नाही. माझा पुकारा झाला तेव्हा मला स्वतःलाच ती गाठ सुटेना. नखं मोडली, शेवटी दातानं सोडवली, तोवर दोनदा नाव पुकारून झालं होतं. चौथा आलो.