लायब्ररीमागची सावली

शुभांगी मेली.

'गेली' म्हणायला माझी जीभ वळत नाही. गेलेलं माणूस परत येतं.

आज वर्ष झालं.

माझी बायको कर्जतच्या एका कॉलेजात बॉटनी शिकवायची. मी खोपोलीच्या फॅक्टरीत शिफ्टला. घर भिसेगावात. सुट्टी एकत्र मिळाली तर नशीब.

कॉलेजसमोर मोठं लॉन होतं. भोवती साखळी. कडेने सरळसोट अशोकाची रांग. फोटोत छान दिसायचं. पण सावली नव्हती आणि बसायची सोयही नव्हती.

मुलं गेटबाहेर टपरीवर जायची. मुली कुठे जातात, हे कुणी विचारलं नव्हतं.

शुभांगीने विचारलं. कोंडाण्याची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमचा टेंपो दुपारनंतर हाय. तवर आमी जिन्यात बसतो. भाईर बसलं का येणारा-जाणारा बघतो."

त्या संध्याकाळी शुभांगी जेवलीच नाही नीट.

"अहो, झाडं आहेत तिथे. पण ती बघायला लावलीत, बसायला नाही."

ती प्रिन्सिपलच्या मागे लागली. समोरच्या लॉनला हात लावायला ते तयार नव्हते. शेवटी कंटाळून म्हणाले, "लायब्ररीच्या मागे काय करायचं ते करा."

मग जे रविवार एकत्र मिळाले, ते त्या ओसाड तुकड्यावर. दुपारची सावली कुठे पडेल, वारा कुठून येतो, गेट कुठून दिसतं, हे ती बघत फिरायची. मी खड्डे खणायचो.

बकुळ, करंज, कदंब. रांगेत नाही, अर्धगोलात. पाठीमागे अडुळशाचं हेज. मध्ये काळे दगड, एकमेकांकडे तोंड करून.

मी हसलो. म्हटलं, "माणूस कुठेही बसतो गं."

"तुम्ही बसता. बाईमाणूस आधी मागे वळून बघतं. पाठीशी काहीतरी हवं आणि समोरून कोण येतंय ते दिसायला हवं. मग ती निवांत बसते."

प्रिन्सिपलना वेगळीच काळजी. "मॅडम, तिथे जोड्या बसतील."

"हेज कमरेएवढंच ठेवू, सर. बसलेल्याला आडोसा, उभ्या माणसाला सगळं दिसतं."

झाडं वाढली. हळूहळू एकेक घोळका जिन्यातून तिकडे सरकला. ती घरी येऊन सांगायची, आज डबे तिथे उघडले, आज कुणी तरी गाणं म्हणत होतं.

मग तिचा रिपोर्ट आला.

उपचार, मुंबईच्या फेऱ्या, केस जाणं. ते सगळं लिहीत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे.

शेवटी शेवटी एके दिवशी म्हणाली, "मला कॉलेजात न्या. झाडाखाली बसायचंय थोडा वेळ."

रिक्षा थेट लायब्ररीमागे नेली. दुपारची वेळ. एकही दगड रिकामा नव्हता. खाली ओढण्या पसरून मुली बसलेल्या. एक मुलगी मैत्रिणीच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली होती.

मी उतरायला लागलो. "थांब, जागा करायला सांगतो."

तिने माझी बाही धरली. हातात जोर नव्हता, तरी धरली.

"नका उठवू. झोपलीय ती पोर."

"अगं, पण तुला बसायचं होतं ना?"

"बघा तरी. उघड्यावर झोपलीय, बिनधास्त."

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. आम्ही तिथूनच बघत राहिलो. ती रडत होती. इतकं समाधान तिच्या चेहऱ्यावर मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ती मेली.

आज मी तिथे गेलो होतो. मला ओळखणारं कुणी नव्हतं. एका मुलीने दप्तर उचललं. "काका, बसा हितं."

बसलो. शेजारी एका माणसापुरती जागा होती. दुसरी एक मुलगी आली, तिथे बसली आणि तिने डबा उघडला.

खरं सांगतो, राग आला. ही जागा माझ्या बायकोची आहे, असं ओरडावंसं वाटलं.

तिने भाकरीचा तुकडा पुढे केला. मी घेतला.

ती मुलगी निवांत जेवत होती. एकदाही तिने मागे वळून बघितलं नाही.

शुभा, तुझ्याशिवाय जमत नाही.

जड मनाने तुला नमस्कार.