आई हसता हसता पडायच्या

माझ्या सासूबाई हसून मेल्या नाहीत.

आधीच सांगून टाकते, कारण सकाळपासून तिघांनी फोनवर दबक्या आवाजात तेच विचारलं.

न्यूमोनिया झाला होता. आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या. आज पहाटे झोपेतच गेल्या.

पण विचारणाऱ्यांचंही चूक नाही. आमच्या आई हसताना खरंच बेशुद्ध पडायच्या.

सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा झालं. त्यांची मौदा गावच्या शाळेतली मैत्रीण शेवंतामावशी दर रविवारी इतवारी बाजारातून आमच्याकडे मनीषनगरला यायची. इतवारीत तिचं भांड्यांचं दुकान आहे. आठवडाभरातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायची.

आईंचं हसणं आधी बिनआवाजाचं. मग खांदे हलायचे. मग डोळ्यांतून पाणी.

त्या दिवशी उभ्या उभ्या हसल्या आणि खाली कोसळल्या. डोकं ओट्याच्या कडेला लागलं. चार टाके.

डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट केल्या. म्हणाले, "जोरात हसलं की काही जणांचं बीपी एकदम खाली येतं. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. माणूस पडतो, लगेच शुद्धीवर येतो."

मी विचारलं, "हसून माणूस मरू शकतो का?"

"फार क्वचित. हार्ट आधीच खूप खराब असेल तर. यांचं तसं नाही. यांना धोका पडण्याचा आहे. हसायला लागल्या की खाली बसवा."

मी त्यातलं एवढंच ऐकलं, की मरू शकतो.

ऑफिसात लंच टाइमला गूगल केलं. कुठला तरी जुना राजा, कुठला तरी नाटक बघताना हसून गेलेला माणूस. खरं किती, खोटं किती, देव जाणे. मी घाबरले.

घरी आल्यावर टीव्हीवरचे कॉमेडी शो बंद. प्रशांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ताकीद दिली की आईंसमोर जोक मारायचे नाहीत.

आणि मी शेवंतामावशीला फोन केला.

"मावशी, काही दिवस येऊ नका."

ती म्हणाली, "मी काय जहर घेऊन येतो काय वं पोरी?"

आईंना मी हे सांगितलं नाही. रविवार आला की त्या दारापाशी खुर्ची घेऊन बसायच्या.

"शेवंता काहून नाही आली?"

"दुकानात गर्दी असेल, आई."

महिनाभर मी हेच खोटं बोलले.

आईंचं जेवण अर्ध्यावर आलं. बोलणं हो-नाही इतकंच. एक दिवस कवळी काढून डबीत ठेवली ती ठेवलीच.

मी म्हटलं, "आई, दात लावा ना."

"हसाचंच नाही, तर दात कशाले?"

मग एका संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या. शेजारच्या वहिनींच्या फोनवरून मावशीशी बोलून आल्या होत्या.

"तू तिले मना केलं?"

माझ्या हातात कणीक होती. मी हो म्हटलं.

"माही काळजी केली, समजते मले. पण मले विचारलं काहून नाही?"

"आई, तुम्हाला काही झालं असतं तर?"

"होऊनच राहिलं ना वं. दिसून नाही राहिलं तुले?"

ओरडल्या नाहीत. साधं विचारलं, आणि खोलीत निघून गेल्या.

मी तशीच उभी राहिले. कणीक हातावर वाळली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून इतवारीत गेले. हातगाड्यांतून वाट काढत दुकान गाठलं. मावशी डबे पुसत होती. माझ्याकडे बघितलंच नाही.

"मावशी, माझं चुकलं. चला."

"अन् पडली तर?"

"मी बाजूला बसते. मी पकडते."

तिने मुलाला हाक मारली, "दुकान पाह्य रे!" आणि चप्पल घालून माझ्या स्कूटीवर बसली. मनीषनगर येईपर्यंत माझा खांदा सोडला नाही.

आईंनी तिला बघितलं. आधी आत जाऊन कवळी लावून आल्या.

त्यांना सोफ्यावर बसवलं. एका बाजूला उशा, दुसऱ्या बाजूला मी.

मावशी आधी बिचकत होती. मग सुरू झाली. "एक गिऱ्हाईक आलं. भात शिजवाचा मोठा गंज घेतला हातात. म्हणे, भोक तर नाही ना? अन् उजेडात पाहाले डोकंच घातलं आत. बसलं फसून! आम्ही चौघं ओढून राहिलो, अन् आतून आवाज, 'भोक नाही बाई, बांधून द्या!'"

आईंचे खांदे हलले. डोळ्यांतून पाणी आलं. आणि मान माझ्या खांद्यावर पडली.

मावशीचा चेहरा पांढरा झाला. मी आईंना घट्ट धरून ठेवलं.

काही सेकंदांनी डोळे उघडले.

"मंग? निघालं काय त्याचं डोकं?"

त्या दिवशी आम्ही तिघी रडेपर्यंत हसलो.

त्यानंतर सहा वर्षं रविवारी माझी जागा ठरलेली होती. आईंच्या डाव्या बाजूला. आणखी दोनदा शुद्ध गेली, दोन्ही वेळा माझ्या हातात. लग्नानंतर बारा वर्षं मी त्यांच्याशी अदबीनेच वागले होते. मैत्री त्या सोफ्यावर झाली.

हॉस्पिटलमध्ये शेवटी बोलायलाही श्वास पुरत नव्हता. मावशी रोज यायची, एकही नक्कल न करता हात धरून बसायची.

आज घाटावरून आल्यावर मावशी परत जायला निघाली. मी म्हटलं, "मावशी, रविवारी या."

"आता कोणासाठी येऊ वं?"

"माझ्यासाठी."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "येतो."

आई, शांत झोपा.
तुमच्या सुनेचा नमस्कार.