वहिनींच्या फोनला रूट मारला तेव्हा

मी पहिल्यांदा फोन रूट केला तो वहिनींसाठी. कंपनीनं फोनला आतून जे कुलूप घातलेलं असतं ते काढायचं आणि सगळा ताबा आपल्या हातात घ्यायचा, याला कुणी जेलब्रेक म्हणतं. आम्ही गोंदियाच्या कॉलेजातली पोरं त्याला रूट मारणं म्हणायचो.

तेव्हा दादाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. गोरेगावच्या पुढे आमचं गाव, चार एकर धान, आणि घरात दादानं मोठ्या हौसेनं बायकोसाठी आणलेला टच फोन. वहिनींचं माहेर नवेगाव बांधचं. त्यांच्या वडिलांकडे साधा बटणांचा फोन होता आणि ते त्यावरून मराठीत मेसेज लिहून पाठवायचे. त्या स्वस्त फोनवर मराठी लिहिता येत होतं आणि वहिनींच्या महागड्या फोनवर त्या मराठीचे नुसते चौकोन दिसत होते. ओळीच्या ओळी, रिकामे चौकोन. वडिलांना हे कळवायची वहिनींना लाज वाटायची. जावयानं एवढा भारी फोन दिला आणि त्यात मराठी येत नाही, हे कसं सांगायचं? फोनवर बोलणं झालं की त्या म्हणायच्या, "हो बाबा, मिळाला मेसेज."

हे मला कळलं तेव्हा मी वर्गातल्या एका मित्राला धरलं. त्यानं सांगितलं की कुलूप काढलं तर आत मराठीचा फाँट टाकता येतो. रविवारी मी गावी आलो, मित्राचा लॅपटॉप ओसरीवर मांडला आणि केबल लावली. फोनचा पडदा काळा झाला आणि दहा मिनिटं काळाच राहिला. दादा अंगणातून म्हणाला, "बिघडला तं तुले सोडत नाई मी." मग एकदम कंपनीचं चिन्ह उजळलं. मी मेसेजचा डबा उघडला. चौकोनांच्या जागी अक्षरं आली होती.

वहिनी दारातच उभ्या राहून वाचत होत्या. सात महिन्यांचे मेसेज एका दमात. आधी त्या हसायला लागल्या, मग पदरानं डोळे पुसायला लागल्या.

"काय झालं वहिनी?"

"काई नाई भाऊजी. बाबा सात महिन्यांपासून एकच गोष्ट विचारून राहिले. बांधात झिंगे लागले, कवा येतेस."

त्याच आठवड्यात दादा त्यांना माहेरी सोडून आला, बांधाच्या तलावातली ती कोळंबी खायला.

त्यानंतर मी गावात फोनचा डॉक्टर झालो. कुणाचा हळू चालतो, कुणाच्या फोनवर नको ती जाहिरात येते, सगळे माझ्याकडे. एका गुरुजींच्या फोनची मात्र मी वीट करून टाकली. तो पुन्हा कधी सुरूच झाला नाही. गुरुजी भले माणूस, रागावले नाहीत. मीच मग माझा फोन त्यांना दिला आणि कॉलेज संपेपर्यंत बटणांचा वापरला. पुढे मी गोंदियात एका राईस मिलमध्ये कारकून म्हणून लागलो, लग्न झालं, आणि फोनमध्ये मराठी आपोआप यायला लागली. रूट मारायचं काही कारणच उरलं नाही. सवय सुटली.

वहिनी मधल्या काळात आमच्याच गावात अंगणवाडी सेविका झाल्या. पोरांची वजनं, गरोदर बायांच्या नोंदी, लसीची आठवण, सगळं आधी रजिस्टरमध्ये होतं, मग फोनवर आलं. अलीकडे तर घरी न्यायचा आहार देताना आईचा चेहरा फोनला दाखवावा लागतो. वहिनी हे काम स्वतःच्याच फोनवर करायच्या. फोन चार-पाच वर्षं जुना. कंपनीनं त्याच्यात जन्मापासून ठासलेली दहा-बारा ॲप, काढायला गेलं तर निघत नाहीत, आणि कामाच्या ॲपला जागा नाही. एक फोटो काढायचा तर फोन विचार करत बसायचा.

मागच्या पावसाळ्यात, पोळ्याला मी गावी गेलो तेव्हा वहिनींनी फोन माझ्या पुढ्यात ठेवला.

"भाऊजी, बाया पोरं घेऊन उभ्या रायतात आन् हा नुसता गोल गोल फिरते. तुम्ही त्या वेळी केलं होतं तसं करा ना."

मला तेव्हाच सांगायला हवं होतं की ते दिवस गेले. पण पंधरा वर्षांनी कुणी आपल्याला पुन्हा डॉक्टर म्हणतंय, हे मनाला फार गोड लागलं. मी म्हणालो, "करतो ना. त्यात काय."

पूर्वी तासाभरात व्हायचं, आता कंपनीनं कुलूप उघडायची परवानगी द्यायलाच आठवडा लावला. वर बजावलं की उघडलं तर फोनमधलं सगळं पुसलं जाईल. मी वहिनींचे फोटो आणि नंबर काढून ठेवले, आणि पुढच्या रविवारी बसलो. दुपारपर्यंत फोनची जुनी व्यवस्था, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, काढून एक हलकी, मोकळी व्यवस्था आत घातली. नको ती ॲप सगळी गेली. वहिनींनी बोट फिरवलं तसा पडदा सरसर सरकला.

"हा तं पाखरावानी उडून राहिला, भाऊजी!"

दादानंही हातात घेऊन पाहिला आणि नुसती मान हलवली. दादाची मान हलली म्हणजे शाबासकी. मी मोठ्या आनंदात गोंदियाला परतलो.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मिलमध्ये ट्रक भरणं चालू होतं. दादाच्या नंबरावरून फोन आला. बोलत होत्या वहिनी, आणि मागे पोरांचा कालवा.

"भाऊजी, ॲप म्हनून राहिलं का ह्या फोनवर मी चालत नाई. लाल अक्षरं येऊन राहिली."

मला लगेच कळलं. कुलूप तोडलेल्या फोनवर आता कुणी विश्वास ठेवत नाही. बँकेचं ॲप असो की सरकारी, उघडण्याआधी ते फोनला विचारतं, तुझं कुलूप शाबूत आहे का? नसेल तर दारातूनच परत. आमच्या वेळी असं कुणी विचारत नव्हतं. रविवारी मी सगळं तपासलं होतं, फक्त ज्या कामासाठी हा खटाटोप केला ते ॲप उघडून पाहिलं नव्हतं.

मिलच्या मालकांना खरं ते सांगितलं. ते हिंदीतच म्हणाले, "जाओ भाई, पहले भाभी का काम करो." मी घरून लॅपटॉप घेतला आणि मोटारसायकल काढली.

अंगणवाडीत पोहोचलो तर पोरं खिचडी खात होती आणि भिंतीला टेकून एक तरुण बाई बसली होती. मांडीवर सहा-सात महिन्यांचं लेकरू. जंगलाच्या कडेच्या टोलीवरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून, तीन किलोमीटर चालत आली होती, नऊ वाजल्यापासून थांबली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि वहिनींना विचारलं, "हेच का ते, फोनवाले?" मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

फोन लपवाछपवी करू शकतो, हे मला ठाऊक होतं. कुलूप तोडलं तरी ते शाबूत असल्याचं सोंग आणता येतं. मी व्हरांड्यात बसून एक युक्ती केली. ॲप उघडलं, दोन पानं पुढे गेलं आणि बंद पडलं. दुसरी केली. तेवढंही उघडलं नाही. तासभर गेला. टोलीवरच्या बाईचं लेकरू रडून रडून झोपलं.

वहिनी उठल्या. त्यांनी आहाराची पाकिटं काढली आणि त्या बाईच्या पिशवीत भरायला लागल्या.

मी हळूच म्हणालो, "वहिनी, नियमात आधी चेहरा लागतो ना?"

"चेहरा मी पाहून राहिले ना," वहिनी म्हणाल्या. "ही पोरगी बारा वर्षांची होती तवापासून ओळखतो मी हिले. रिकाम्या हातानं तीन किलोमीटर धाडू का?"

त्यांनी रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, सही घेतली आणि पुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'फोन बंद, फोटो बाकी.' मग दादाच्या फोनवरून पर्यवेक्षिका मॅडमना लावून जे झालं ते सगळं सांगितलं. मला कुठंही मध्ये आणलं नाही. "मीच फोनमध्ये बदल करून घेतला मॅडम, चूक माझी." मॅडम म्हणाल्या, आहार दिला ते ठीक, पण फोटो आजच्या आज चढला पाहिजे.

आता एकच वाट होती. कंपनीची जुनी व्यवस्था पुन्हा घालायची आणि कुलूप होतं तसं लावायचं. ती फाईल मोठी, आणि गावात वेगाचं नेट येतं फक्त तलावाच्या पाळीवर. मी मोटारसायकल पाळीवर उभी केली, सीटवर लॅपटॉप ठेवला आणि शेजारी उभा राहिलो. खाली धान पोटरीवर, लोंब्या फुटायच्या बेतात आलेला, हिरवागार. पडद्यावर आकडा पुढे सरकत नव्हता. शेताचे धुरे-बांध राखायला आलेले दोघं जण थांबून विचारून गेले, "काऊन गा, इथं ऑफिस टाकलं का?"

अंगणवाडी सुटल्यावर वहिनी डबा घेऊन पाळीवर आल्या. भात आणि लाखोरीची डाळ.

"पहिले जेवा."

मी म्हणालो, "वहिनी, माझ्यामुळं तुम्हाला आज ऐकून घ्यावं लागलं. मी तपासून पाहायला पाहिजे होतं."

"तुम्ही कायले मनाले लावून घेता? मीच म्हटलं होतं करा म्हनून." त्या पाळीवरच्या दगडावर बसल्या. "मले वाटलं, फोन आपला हाय, तं आपल्या मर्जीनं चालंल. तसं नाई ना ते?"

मी म्हणालो, "नाही, तसं राहिलं नाही आता."

"मंग तसं सांगाचं असते, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि डब्यातली उरलेली डाळ माझ्या भातावर ओतली.

चारच्या आसपास काम झालं. फोन पुन्हा पुसला गेला, पुन्हा कुलूपबंद झाला, ती दहा-बारा ॲप पुन्हा आपापल्या जागी येऊन बसली. कामाचं ॲप घातलं. ते गोल गोल फिरलं, फिरलं आणि उघडलं. वहिनी लगेच मोटारसायकलवर मागे बसल्या. "चला टोलीवर."

ती बाई अंगणात भांडी घासत होती. आम्हाला पाहून दचकलीच. तिला वाटलं, पाकिटं परत घ्यायला आले. वहिनींनी तिला समजावलं आणि फोन तिच्या तोंडासमोर धरला. ॲप म्हणतं, डोळे मिचकावा. तिनं मिचकावले आणि तिला हसू फुटलं. नापास. पुन्हा धरला. पुन्हा हसू. लेकरानं हात घालून फोनच ओढला. तिची सासू आतून बाहेर आली आणि दरडावून म्हणाली, "हासू नोको वो, सरकार पाहून राहिलं!" त्यावर तर आम्ही सगळेच हसलो. शेवटी वहिनींनी तिला खांद्याला धरून उतरत्या उन्हाकडे वळवलं, लेकरू माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आता माह्याकडं पाय. फक्त डोरे मिचकाव." फोन बराच वेळ विचार करत राहिला. मग हिरवी खूण आली.

सासूनं मांडवावरच्या दोन काकड्या तोडून आमच्या हातात दिल्या. घरी उतरल्यावर दादाला सगळी गोष्ट सांगताना मिचकावण्याची नक्कल वहिनींनीच करून दाखवली.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. या वेळी कुलपाला हात लावला नाही. केबल लावून, फोनच्या मूळ व्यवस्थेतच, नको ती ॲप एकेक करून झोपवून टाकली. तसंही करता येतं. डॉक्टरकीच्या तोऱ्यात मला ते आधी सुचलंच नव्हतं. फोन पाखरासारखा उडत नाही, पण चालतो. अंगणात बाया रांगेत उभ्या राहिल्या तर आता निदान थांबून थांबून खाली बसायची वेळ येत नाही.

अजून कुणी विचारतं, फोन रूट करावा का? एखादा जुना, कपाटात पडलेला फोन असेल तर खुशाल करा, मीही केलाय. दादा तो शेतात मोटरपाशी गाणी ऐकायला नेतो, आणि ज्याला कंपनीनं कधीचंच वाऱ्यावर सोडलं तो अजून ठणठणीत आहे. तिथं अजूनही मजा आहे. पण ज्या फोनवर बँक आहे, कुणाचा आहार, कुणाची हजेरी अडकलेली आहे, त्याला हात लावू नका. हे सांगताना थोडं वाईट वाटतं. आपण विकत घेतलेल्या वस्तूची किल्ली आपल्याजवळ नाही, आणि जबरदस्तीनं घेतली तर आपणच खोटे ठरतो, हे अजून माझ्या गळी उतरत नाही. पण त्या भिंतीला टेकून बसलेल्या बाईला या वादाशी काही देणंघेणं नव्हतं.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावच्या एक सेविका गोंदियाला आल्या होत्या, त्या माझा पत्ता विचारत मिलवर आल्या. फोन पुढे करून म्हणाल्या, "तुमच्या वहिनीनं धाडलं. म्हने, कुलूप नोको काढू म्हना, फक्त जागा करून द्या म्हना."

मी केबल काढली आणि त्यांना शेजारी बसवलं. एकेक ॲप दाखवून विचारत गेलो, हे हवं का, हे हवं का. त्या नाही, नाही म्हणत गेल्या. भजनांच्या ॲपवर आलो तेव्हा त्यांनी पटकन माझा हात धरला.

"हे राहू द्या. सांजच्याला तेवढंच ऐकतो मी."