दोन काचांच्या मधला पंजा

आमच्या घरातलं भूत म्हणजे मीच, रात्री फ्रिज उघडून श्रीखंड संपवणारं. बाकी भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... आणि खरं सांगतो, भीतीही.

पनवेलजवळ कोन गावात, एक्सप्रेसवेच्या बाजूला, सातव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. ट्रकांच्या आवाजामुळे डबल ग्लासच्या खिडक्या बसवलेल्या. जानेवारीत लेक केतकी बाळंतपणाला आली आणि बाळ झाल्यावर तिच्या खोलीच्या काचा रोज ओल्याचिंब दिसायला लागल्या. खिडकीवाल्याला बोलावलं.

"खिडकी चांगलीय काका. शेगडी, बाळाची आंघोळ, ओले लंगोट... सगळी वाफ आत कोंडतेय आणि गार काचेवर बसतेय. दिवसातून दोनदा उघडत जा. दोन काचांच्या मधे पाणी दिसलं, तर मात्र सील गेलं समजा."

मालिशवाल्या ठकूबाईंनी ते उडवून लावलं. "खिडकी उघडायची नाय. वारा लागंल पोराला. आमी काय आज शेकतोय बाळंतिणी?"

त्यांच्या बाळंतिणी कौलारू घरातल्या, जिथे फटींतून वारा फुकट येतो, हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी ठकूबाई आणि बायको, दोघींपुढे मी काय बोलणार होतो म्हणा.

त्या दिवशी सकाळी अकराला ठकूबाई शेक देऊन गेल्या. निखाऱ्यांची शेगडी खोलीतच, दार बंद. बायको स्वयंपाकघरात. मी गॅलरीत लंगोट वाळत घालत होतो. सहज केतकीच्या खिडकीकडे पाहिलं. काच पांढुरकी झालेली, आणि तिच्यावर टपोऱ्या थेंबांचा एक पंजा. लांब बोटं, वरून खाली ओढलेली... कोसळणारा माणूस ओढतो तशी.

केतकी खिडकीशी आली असेल म्हणून टकटक केलं. उत्तर नाही. आत गेलो.

ती पलंगावर होती. हाका मारल्या तरी उठेना. बाळानं मान टाकलेली.

दोघांना गॅलरीत कसं आणलं, आठवत नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "कोळशाचा गॅस. अजून दहा मिनिटं गेली असती तर..."

तिसऱ्या दिवशी दोघं सुखरूप घरी यायची होती, म्हणून खोली पुसायला गेलो. काचेवरची वाफ केव्हाच सुकलेली. पंजा तसाच. बाहेरून पुसला, आतून पुसला. जाईना.

पुन्हा बोलावल्यावर खिडकीवाल्यानं कडा तपासल्या. "सील शाबूत आहे काका. हे कारखान्यातूनच बंद होऊन येतं. मधे बोट जाईल एवढीही जागा नसते." त्यानं आपला हात त्या पंज्यावर ठेवून पाहिला. त्याचा हात लहान पडला. मग सावकाश हात काढून घेत म्हणाला, "उद्याच बदलून टाकू." चहा न घेता गेला.

केतकीला यातलं काही सांगितलेलं नाही. ती कधीतरी विचारते, "बाबा, तुम्ही नेमके त्याच वेळी आत कसे आलात?"

मी म्हणतो, "असाच."

याहून खरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.