सुकडीचं गाणं आणि श्रद्धांजलीची कॅसेट

माझा मित्र काविळीनं गेला आणि तेरवीच्या आत गावाला कळलं की तो थोर गायक होता. जिवंत असताना त्याला लग्नाच्या बँडनंही काढून टाकलं होतं. नागपूरच्या होस्टेलात कुणाकडे तरी त्यानं पंक रॉक नावाचं विलायती संगीत ऐकलं. मग कारंज्याजवळच्या आमच्या गावात परत येऊन तो गोठ्यात एकटाच गिटार बडवत ओरडू लागला. तीन सूर, बाकी शिव्या. गाणी स्वतःच रचायची, टेपरेकॉर्डरवर स्वतःच भरायची.

त्यातलं एक गावाला पाठ होतं. शाळेतल्या पोरांना खाऊ म्हणून येणारी सरकारी सुकडी सेक्रेटरीच्या म्हशीनं खाल्ली, असं ते गाणं. सेक्रेटरी आमच्या शिक्षण संस्थेचे. त्यांनी माझी फी माफ करवली, पुढं मास्तरकी दिली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळे झालो, हे आजही मानतो.

तेरवीला वाजवायला त्याच्या गाण्यांची ‘स्वरपुष्पांजली’ नावाची कॅसेट काढायचं सेक्रेटरींनीच ठरवलं. “तुम्ही बी.ए. आहात. शोभतील अशी निवडा,” ते मला म्हणाले.

त्याची आई आठवडी बाजारात भाजी विकायची. तिनं पिशवीतून कॅसेटी काढून दिल्या.

“सुकडीचं गाणं ठेवजो बाप्पा. त्यात मी खेकसून राह्यली, ‘हळू बोंबल, बकऱ्या बिचकतेत’ म्हणून. अन् तो हासते. दोघंबी आहो त्यात.”

“ठेवतो, काकू.”

मग कॅसेटवर श्रद्धांजल्या भरणं सुरू झालं. सरपंच बोलले म्हणून उपसरपंच, ते बोलले म्हणून रेशन दुकानदार. कोणालाच नाही म्हणता येईना. पहिली बाजू त्यातच भरली. दुसऱ्या बाजूसाठी एका टेपवर गाणी लावून समोर भरायला दुसरा टेप ठेवला. शिवी आली की बँडवाला झांज वाजवायचा. काही गाण्यांत नुसती झांजच आहे.

शेवटी सेक्रेटरींचं भाषण उरलं. कोरी कॅसेट गावात मिळेना, बाजार चार दिवसांवर. त्यांनी सुकडीची कॅसेट उचलली.

“ही काय आहे?”

“कामाची नाही, सर,” मी म्हणालो आणि रेकॉर्डचं बटण दाबलं.

तेरवीच्या पंगतीत भाषण वाजलं. ‘अन्यायाविरुद्ध उठलेला निर्भीड आवाज.’ लोकांनी माना डोलावल्या, बुंदी परत मागितली. आई स्पीकरखाली शेवटपर्यंत बसून होती.

“माह्यावालं काऊन नाई लागलं?”

“पुसल्या गेलं, काकू.”

तिनं पंगतीकडे पाहिलं. “ज्याच्या म्हशीनं खाल्ली तोच बोलून राह्यला ना हा?” मग माझ्याकडे वळली. “जाऊ दे. तुले पाठ असन. तू म्हण.”

पाठ होतं. सेक्रेटरी दोन पानं सोडून जेवत होते.

“मले गाता येत नाई, काकू.”

गाता तर त्यालाही येत नव्हतं.