दोघांच्या वजनाची गाडी

समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझी सव्वीस वर्षांची मोटरसायकल हल्ली मला प्रत्येक खड्ड्यावर हवेत उडवते. माझ्यासारख्या भारदस्त माणसाला हे शोभत नाही, म्हणून काल नाना मिस्त्रींचं गॅरेज गाठलं.

नानांनी मागची सीट दाबून पाहिली. "साहेब, मागच्या स्प्रिंगा दोन माणसांसाठी कडक केल्यात. एकट्याला उडवणारच की!"

खरं होतं. आंबोलीच्या घाटात दणकून आपटलो, तेव्हा माझ्या बायकोनं, सुमननंच, त्या कडक करून घेतल्या होत्या. मग हंपी झालं, दापोली दोनदा झाली. मागे बसून ती पुढच्या ट्रकवर लिहिलेलं सगळं मोठ्यानं वाचायची आणि आवडलं की माझ्या पाठीवर थाप मारायची. तिला जाऊन दोन पावसाळे झाले. ट्रक दिसला की माझी पाठ अजून थापेची वाट बघते. माणूस गेल्याचं घराला कळतं, शेजाऱ्यांना कळतं. स्प्रिंगांना कोण सांगणार?

नानांनी पाना लावला. "एकट्यापुरत्या सैल करतो. दोन मिनिटांचं काम."

मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारचा चहावाला बाहेर आला.

"नको! मग ती बसली की तिला दणके बसतील!"